राखीव लाइनमन कधी आणि कशासाठी घ्यावा? जेसन पीटर्सच्या निमित्ताने

सिएटलकर

अमेरिकन फुटबॉलच्या बातम्यांत, एखाद्या संघाने जुन्याजाणत्या राखीव ऑफेन्सिव्ह लाइनमनशी (चेंडू आपल्या संघाकडे असताना समोरच्यांना अडवणाऱ्या पाच जणांच्या ओळीतल्या खेळाडूशी) करार केला, ही बातमी बहुतेक जण शीर्षक वाचूनच सोडून देतात. त्याने ना चेंडू फेकलेला असतो, ना झेललेला, आणि करार झाल्यावर तो मैदानात उतरेलच याचीही खात्री नसते. तरीही संघाच्या व्यवस्थापनाची खरी पारख अशाच करारांत होते असे माझे मत आहे. त्यासाठी मला जवळचे असलेले एक उदाहरण चर्चेला घेतो.

१० सप्टेंबर २०२३ रोजी सिएटल सीहॉक्सने हंगामातील पहिलाच सामना घरच्या मैदानावर लॉस एंजेलिस रॅम्सकडून ३०-१३ असा गमावला. पराभवाहून मोठे नुकसान असे झाले, की लेफ्ट टॅकल (त्या ओळीच्या डाव्या टोकाचा खेळाडू) चार्ल्स क्रॉस पायाच्या अंगठ्याच्या आणि राइट टॅकल (उजव्या टोकाचा) अब्राहम लुकस गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्याच सामन्यातून बाहेर गेले. दोघेही २०२२ च्या ड्राफ्टमधले (कॉलेज खेळाडूंच्या वार्षिक निवडीतले), क्रॉस नवव्या क्रमांकावर तर लुकस तिसऱ्या फेरीत निवडलेला, आणि संघाने पुढच्या कित्येक वर्षांची बांधणी या दोघांना दोन टोकांना धरूनच केली होती. त्याच आठवड्यात सीहॉक्सने ४१ वर्षांचा जुना टॅकल जेसन पीटर्स याला प्रॅक्टिस स्क्वॉडवर (मुख्य संघाबाहेरच्या सरावगटात) घेतले. त्या वेळी तो एनएफएल या लीगमधला सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला. पीटर्स २००४ मध्ये लीगमध्ये आला तेव्हा क्रॉस चार वर्षांचाही झाला नव्हता.

या निर्णयाची थट्टा करणारे तेव्हा पुष्कळ होते आणि त्याच्या नावाने भारावून गेलेलेही कमी नव्हते. मला दोन्ही बाजू मूळ प्रश्नाला बगल देणाऱ्या वाटल्या. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टॅकलची गरज पडली, तर तो मिळतो कुठे? दुसरा कोणताही संघ आपला चांगला टॅकल सोडायला तयार नसतो, कारण बहुतेक संघांना स्वतःलाच दोन धड टॅकल मिळालेले नसतात. कॉलेजमधून आलेला मुलगा तयार व्हायला वर्ष-दोन वर्षे घेतो. उरतात ते मोकळे खेळाडू, आणि त्यांचेही दोनच प्रकार असतात. एक, ज्यांना जमत नाही म्हणून संघांनी सोडले आहे. दुसरे, ज्यांना सगळे जमते, पण ज्यांच्या शरीराचा भरवसा राहिलेला नाही. सीहॉक्सने दुसऱ्या प्रकारातला माणूस निवडला, आणि मला ती निवड योग्य वाटते. खटकते ती वेळ. एवढ्या तरुण टॅकलच्या जोडीमागे ऑगस्टमध्येच एखादा अनुभवी खेळाडू का उभा केला नव्हता? जाणकारांनी यावर लिहावे.

खेळवेडा

मी हा खेळ गेली काही वर्षे पुण्यात बसून, मंगळवारी पहाटे उठून पाहतो. त्यामुळे माझे प्रश्न प्राथमिक आहेत. पाच जण ओळीने उभे असतात, पाचही जण धिप्पाड असतात आणि पाचही जणांचे काम समोरच्याला अडवण्याचे असते. मग टॅकल मिळणे एवढे कठीण, आणि टॅकलच्या आतल्या बाजूला उभा राहणारा गार्ड मिळणे त्या मानाने सोपे, असे का म्हटले जाते? शिवाय डावीकडचा खेळाडू जायबंदी झाला तर उजवीकडचा तिकडे का हलवत नाहीत? मला राखीव लाइनमन हा कसोटी संघाबरोबर दौऱ्यावर नेलेल्या राखीव यष्टिरक्षकासारखा वाटतो. पहिला यष्टिरक्षक जायबंदी होईपर्यंत त्याला काम नाही, पण तशी वेळ आली की बदली म्हणून दुसरा कोणताही खेळाडू चालत नाही.

ओहायोकर

खेळवेडा, तुमची उपमा बरीचशी जुळते, फक्त एका ठिकाणी तुटते. यष्टिरक्षक आपले काम एकट्याने करतो, तर लाइनमनच्या कामाचा निम्मा भाग शेजाऱ्याशी जुळवून घेण्यात असतो.

आधी टॅकलविषयी. चेंडू सुटताच टॅकलला तिरक्या चालीने मागे सरकत जावे लागते, आणि त्याच्यासमोर उघड्या बाजूने धावत येणारा पास रशर (चेंडू फेकणाऱ्यावर चालून जाणारा बचावपटू) हा बहुधा प्रतिस्पर्ध्यांतला सर्वांत चपळ मोठा माणूस असतो. गार्डच्या दोन्ही बाजूंना आपली माणसे असतात, त्यामुळे चुकला तरी सावरायला कोणीतरी असते. टॅकलच्या बाहेरच्या बाजूला बहुतेक वेळा कोणीच नसते. दीडशे किलोच्या आसपास वजन, लांब हात आणि एवढ्या वेगाने मागे सरकणारी पावले एकाच शरीरात असलेली माणसे मुळातच कमी जन्माला येतात. उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डाव्या बाजूला वळते, म्हणून लेफ्ट टॅकलला परंपरेने जास्त मान आणि पैसा मिळतो. अर्थात आता बचाव करणारे संघ आपला सर्वोत्तम रशर दोन्हीकडे फिरवतात, त्यामुळे राइट टॅकल दुय्यम राहिलेला नाही.

बाजू बदलण्याचा प्रश्न तुम्ही योग्य विचारलात. डावीकडे खेळताना डावा पाय मागे असतो आणि तोच आधी हलतो. उजवीकडे सगळे उलटे होते. हात कोणता आधी टाकायचा, कंबर कोणत्या बाजूला उघडायची, वजन कोणत्या पायावर ठेवायचे, हे हजारो वेळा गिरवून अंगात मुरलेले असते आणि एका आठवड्यात ते पुसून दुसरे लिहिता येत नाही. दोन्हीकडे बरा खेळू शकणाऱ्याला स्विंग टॅकल म्हणतात. संघाला सामन्याच्या दिवशी डाव्या-उजव्यासाठी दोन वेगळे राखीव टॅकल ठेवणे परवडत नाही, म्हणूनच त्याची किंमत मोठी असते.

आता शेजाऱ्याची गोष्ट. बचावातले दोन खेळाडू एकमेकांच्या मागून फिरून जागा बदलतात, त्याला स्टंट म्हणतात. त्या क्षणी गार्ड आणि टॅकल यांनी आपापला माणूस एकमेकांच्या हवाली करायचा असतो. बोलायला वेळ नसतो. खांद्याच्या स्पर्शावरून आणि सवयीवरून ते कळावे लागते. परक्या मैदानावर प्रेक्षकांच्या गोंगाटात क्वार्टरबॅकचा आवाजही ऐकू येत नाही, तेव्हा टॅकल डोळ्यांच्या कोपऱ्यातून चेंडूकडे बघत सुरुवात करतो आणि तिथे क्षणार्धाचा उशीरही महागात पडतो. जुना खेळाडू नव्या संघात येतो तेव्हा हाकांची (चाल सुरू होण्याआधी दिल्या जाणाऱ्या सांकेतिक सूचनांची) नावे त्याला नव्याने पाठ करावी लागतात, पण त्या हाकांमागची परिस्थिती त्याने शेकडो वेळा पाहिलेली असते. तरुणाला नावेही शिकायची असतात आणि परिस्थितीही.

हिशेबनीस

सिएटलकरांनी ‘ऑगस्टमध्येच का नाही’ असे विचारले आहे. त्याचे निम्मे उत्तर नियमांत आणि पैशांत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संघाचा मुख्य पट ५३ खेळाडूंचा असतो. २०२० च्या सामूहिक करारानुसार सामन्याच्या दिवशी ४८ जणांना सज्ज ठेवता येते, पण त्यांत किमान ८ ऑफेन्सिव्ह लाइनमन असावे लागतात; तितके नसतील तर संख्या ४७ वर येते. म्हणजे आठवा लाइनमन ठेवणाऱ्याला नियमानेच एक जागा अधिक मिळते. त्याआधी अनेक संघ पाच मुख्य आणि दोन राखीव, अशा सातांवर भागवत असत. सात जणांत तिसरी दुखापत झाली की प्रशिक्षकाची झोप उडत असे.

दुसरी सोय प्रॅक्टिस स्क्वॉडची. पूर्वी ही जागा फक्त होतकरू मुलांसाठी होती. आता १६ जणांच्या या स्क्वॉडमध्ये ६ जण कितीही वर्षे खेळलेले असू शकतात. दर सामन्याला त्यातले दोघे मुख्य संघात चढवता येतात, आणि एकाच खेळाडूला नियमित हंगामात तीनदा असे वर-खाली करता येते. त्यानंतरही तो हवा असेल तर ५३ मध्ये जागा करून द्यावी लागते. पीटर्ससारख्यासाठी ही व्यवस्था सोयीची आहे. पहिले काही आठवडे त्याने सराव करून अंगात दम आणायचा, हाका पाठ करायच्या, आणि त्या काळात संघाने मुख्य पटातील जागा अडवून ठेवायची नाही.

तिसरी बाब थेट पैशांची. चार किंवा अधिक हंगाम पूर्ण केलेला खेळाडू पहिल्या आठवड्यात मुख्य पटावर असेल, तर नंतर त्याला सोडले तरी त्या हंगामाचे मूळ वेतन मागण्याचा हक्क त्याला मिळतो. त्यामुळे अनुभवी राखीव खेळाडूंचे करार पहिला आठवडा उलटल्यावर होतात, ही दरवर्षीची रीत आहे. शिवाय जुन्या खेळाडूने एका वर्षासाठी किमान वेतनावर करार केला, तर सॅलरी कॅपमध्ये (संघाच्या एकूण वेतनखर्चाच्या मर्यादेत) त्याची पूर्ण रक्कम न धरता कमी अनुभवाच्या खेळाडूइतकीच रक्कम धरली जाते. संघांनी केवळ स्वस्त म्हणून तरुण घेऊ नयेत आणि जुन्यांच्या पोटावर पाय येऊ नये, यासाठी खेळाडूंच्या संघटनेने ही तरतूद करून घेतली आहे.

म्हणून सीहॉक्सने पहिल्या सामन्यानंतर करार केला, यात दुखापती हे तातडीचे कारण होते, तरी त्या दुखापती झाल्या नसत्या तर ऑगस्टमध्ये त्यांनी अशा खेळाडूला मुख्य पटावर घेतले असते, असे मला वाटत नाही.

फिलीनिष्ठ

जेसन पीटर्सवर धागा निघाला आणि फिलाडेल्फियाचे कोणी बोलले नाही, असे होता कामा नये.

हा माणूस आर्कान्सा विद्यापीठात टाइट एंड होता, म्हणजे चेंडू झेलणारा. २००४ च्या ड्राफ्टमध्ये सातही फेऱ्यांत त्याला कोणी निवडले नाही. बफेलो बिल्सने त्याला घेऊन हळूहळू टॅकल बनवले, आणि २००९ मध्ये तो फिलाडेल्फिया ईगल्सकडे आला. नऊ वेळा प्रो बोल (निवडक खेळाडूंचा सामना), २०११ आणि २०१३ मध्ये ऑल-प्रोच्या (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या) पहिल्या संघात, आणि २०१० च्या दशकाच्या सर्वोत्तम संघात स्थान, एवढे सांगितले की पुरे. एवढ्या आकाराचा माणूस इतक्या हलक्या पावलांनी सरकताना मी दुसरा पाहिलेला नाही. भक्ती मान्य करतो, पण मुद्दा त्यापुढचा आहे.

राखीव खेळाडूचे महत्त्व आम्हांला शिकवले ते पीटर्सच्याच दुखापतीने. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि हंगाम संपला. त्याच्या जागी आलेला हालापोलिवाती वाइताई हा २०१६ च्या पाचव्या फेरीतला मुलगा होता. सगळ्या शहराने कपाळाला हात लावला होता. पण त्या मुलाने आदल्याच वर्षी, राइट टॅकल लेन जॉन्सनवर बंदी असताना, उजव्या बाजूला खेळून मार खाल्लेला होता आणि त्या माराचे शिक्षण त्याच्याजवळ होते. फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये (लीगच्या अंतिम सामन्यात) ईगल्सने पेट्रियट्सना ४१-३३ असे हरवले, आणि राखीव क्वार्टरबॅक निक फोल्सला त्या सामन्यात एकदाही सॅक केले (चेंडू फेकण्याआधीच पाडले) गेले नाही. डावीकडे वाइताई उभा होता.

२०२० ची गोष्ट याच्या उलट दिशेची आहे. संघाने पीटर्सला पुन्हा न घेण्याचे ठरवले होते. राइट गार्ड ब्रँडन ब्रूक्सच्या टाचेची शीर तुटल्यावर त्याला गार्ड म्हणून परत बोलावले. मग नवा लेफ्ट टॅकल आंद्रे डिलार्डही दुखापतीने बाहेर गेला आणि पीटर्स आपल्या जुन्या जागी आला. वय ३८. तो स्वतः दुखावला तेव्हा जॉर्डन मायलाटाला संधी मिळाली. हा ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीग खेळणारा मुलगा, २०१८ मध्ये सातव्या फेरीत घेतला तेव्हा त्याने अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. मोसमाच्या शेवटच्या टप्प्यात तर मायलाटा डावा टॅकल आणि पीटर्स उजवा गार्ड, असा क्रम लागला. ज्येष्ठाने जागा सोडून आत सरकणे सगळ्यांना जमत नाही.

कॅन्सस_काठावर

पीटर्सबद्दल आदर ठेवूनही विरोधी बाजू मांडतो. हंगामाच्या मध्यावर आणलेला अनुभवी टॅकल हा बहुतेक वेळा उशिरा सुचलेला उपाय असतो, आणि त्याची झळ आम्ही कॅन्सस सिटी चीफ्सच्या चाहत्यांनी दोनदा सोसली आहे.

२०२० च्या वसंतात चीफ्सनी माइक रेमर्सला राखीव टॅकल म्हणून घेतले. तो मुख्यतः उजवीकडचा खेळाडू होता. सुपर बोल ५० मध्ये तो कॅरोलायनाकडून खेळत असताना डेन्व्हरच्या व्हॉन मिलरने त्याला कसे हैराण केले होते, ते अनेकांना आठवत असेल. राइट टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठीच्या दुखण्याने ऑक्टोबरमध्येच बाहेर गेला. मग सुपर बोलच्या दोन आठवडे आधी लेफ्ट टॅकल एरिक फिशरच्या टाचेची शीर तुटली. (या सगळ्यात गार्ड लोरां डुव्हर्ने-टार्डिफ, जो शिक्षणाने डॉक्टर आहे, त्याने साथीच्या काळात रुग्णसेवेसाठी आधीच हंगाम सोडला होता.) रेमर्सला उजवीकडून डावीकडे हलवले आणि गार्ड अँड्र्यू वायलीला उजवा टॅकल केले. टॅम्पा बेने तो सामना ३१-९ असा जिंकला आणि आमचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स संपूर्ण संध्याकाळ जिवाच्या आकांताने मागे-मागे पळत राहिला. ओहायोकरांनी बाजू बदलण्याबद्दल जे लिहिले आहे, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. पुढच्या काही महिन्यांत चीफ्सनी जवळजवळ अख्खी लाइनच नवी उभी केली.

चार वर्षांनी तोच प्रसंग थोड्या वेगळ्या रूपात आला. २०२४ मध्ये लेफ्ट टॅकलवर आधी किंग्सली सुआमटाया आणि मग वान्या मॉरिस अशा दोन्ही तरुणांना खेळवून पाहिल्यावर चीफ्सनी नोव्हेंबरमध्ये डी. जे. हम्फ्रीजला आणले. ॲरिझोनाचा २०१५ चा पहिल्या फेरीतला खेळाडू, दर्जाबद्दल वाद नव्हता, पण २०२३ च्या शेवटच्या दिवशी त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेला होता आणि मार्चमध्ये त्याला सोडून देण्यात आले होते. ८ डिसेंबरला चार्जर्सविरुद्ध तो पहिला सामना खेळला आणि त्याच सामन्यात मांडीचा मागचा स्नायू दुखावून बसला. त्यानंतर संघाने आपला सर्वोत्तम गार्ड जो थूनी याला लेफ्ट टॅकलला हलवले आणि गार्डच्या जागी माइक कॅलिएंडोला उभे केले. काही आठवडे ते खपूनही गेले. पण सुपर बोलमध्ये ईगल्सनी ४०-२२ असा विजय मिळवताना महोम्सला ६ वेळा सॅक केले. एका जागेचे भगदाड बुजवताना दुसऱ्या जागी नवे पडले होते.

माझे म्हणणे एवढेच, की वर्षभर न खेळलेल्या मोठ्या माणसाचे शरीर सरावाच्या तीन आठवड्यांत सामन्याला तयार होत नाही. पाय थकले की स्नायू तुटतो. हा अनुभवाचा प्रश्नच नाही.

एडिसनकर

कॅन्सस_काठावर, तुमचे शल्य समजते, पण आमच्याकडे न्यू जर्सीत तर त्याहून वाईट पाहावे लागले आणि त्यात सिएटलचाही हात होता.

२ ऑक्टोबर २०२३ च्या सोमवारच्या सामन्यात सीहॉक्सने न्यूयॉर्क जायंट्सना २४-३ असे हरवले आणि ११ सॅक केले. आमचा लेफ्ट टॅकल अँड्र्यू थॉमस दुखापतीने बाहेर होता आणि राखीव फळी पाहवत नव्हती. दोन्ही संघांना सप्टेंबरमध्ये सारखीच समस्या आली होती. सिएटलने पहिल्या आठवड्यातच हातपाय हलवले आणि आम्ही अकरा सॅक होईपर्यंत वाट पाहिली.

त्यानंतर जायंट्सनी जस्टिन प्यूला प्रॅक्टिस स्क्वॉडवर घेतले. तो २०१३ चा आमचाच पहिल्या फेरीतला खेळाडू, मधली पाच वर्षे ॲरिझोनात घालवून, २०२२ मध्ये गुडघा मोडून घरी बसलेला. करारानंतर दहा-बारा दिवसांतच बफेलोविरुद्ध रविवारच्या रात्रीच्या सामन्यात त्याला उतरवले, आणि तिथे त्याला गार्ड व टॅकल अशा दोन्ही जागा सांभाळाव्या लागल्या. त्या प्रक्षेपणात खेळाडू स्वतःचे नाव आणि विद्यापीठ सांगतात. प्यूने विद्यापीठाऐवजी आपण थेट घरच्या सोफ्यावरून आलो आहोत असे सांगितले आणि तो रातोरात लाडका झाला. सामना १४-९ असा हरलो, पण प्रबळ संघाविरुद्ध शेवटच्या चेंडूपर्यंत लढलो. प्यूने काही चमत्कार केला नाही. त्याच्या बाजूने दर दुसऱ्या खेळीला कोणी मोकळा धावत आला नाही, इतकेच झाले आणि तेवढ्याने प्रशिक्षकाला आपले डावपेच वापरता आले.

ओहायोकर

एडिसनकरांच्या शेवटच्या वाक्याला जोडून लिहितो. चांगला राखीव लाइनमन काय देतो, तर डावपेचांचे वही-पुस्तक उघडे ठेवतो. टॅकल कमकुवत असेल तर त्याच्या मदतीला टाइट एंड किंवा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) थांबवावा लागतो, म्हणजे पास झेलायला जाणारा एक माणूस कमी होतो. लांबचे पास बंद होतात, कारण त्यांना वेळ लागतो. आणि प्रतिस्पर्ध्याला हे सगळे आधीच कळलेले असते. सॅकच्या आकड्यात यातले काहीच दिसत नाही.

तरुण तयार का होत नाहीत, याचेही एक कारण नोंदवायला हवे. २०११ च्या करारापासून नियमित हंगामात पूर्ण पॅड घालून करायचे सराव केवळ १४ वर आले आहेत. खेळाडूंच्या आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले, पण धक्काबुक्की हेच ज्याचे काम, त्या लाइनमनला धक्काबुक्कीशिवाय शिकवायचे तरी कसे? शिवाय कॉलेजचे बहुतेक संघ आता मैदानभर पसरून उभे राहतात आणि चेंडू चटकन फेकून मोकळे होतात, त्यामुळे मुलगा लीगमध्ये येतो तेव्हा तीन सेकंद कोणाला थोपवून धरण्याची त्याला सवयच नसते. ज्यांनी जुन्या पद्धतीने, भरपूर सराव करून हे काम शिकून घेतले, त्यांची शेवटची पिढी म्हणजे पीटर्ससारखी मंडळी. पस्तिशी उलटल्यावरही त्यांना फोन येत राहिले, यामागे हेही कारण आहे.

डॅलसवासी_वहिनी

पीटर्सचा २०२२ चा मुक्काम आमच्याकडे होता, म्हणून थोडी भर घालते. ऑगस्टमध्ये टायरन स्मिथच्या मांडीचा स्नायू गुडघ्याजवळून तुटला आणि डॅलस काउबॉइजनी सप्टेंबरच्या सुरुवातीला चाळिशीच्या पीटर्सला प्रॅक्टिस स्क्वॉडवर आणले. सर्वांना वाटले, की थोड्या दिवसांत तो लेफ्ट टॅकल होईल आणि नवखा टायलर स्मिथ, ज्याला पहिल्या फेरीत २४ व्या क्रमांकावर घेतले होते, गार्डला परत जाईल. बराच काळ तसे झाले नाही. टायलरने पहिल्या सामन्यापासून डावी बाजू धरली आणि हंगामाचा बहुतांश काळ सांभाळली. पीटर्स काही सामन्यांत त्याच्या शेजारी गार्ड म्हणून आलटून-पालटून उतरला.

माझ्या मते तो करार यशस्वी होता. पीटर्सची फारशी गरज पडली नाही, पण तो आहे हे माहीत असल्यामुळे नवख्या मुलाला घाई न करता त्या जागेवर राहू देता आले. डिसेंबरमध्ये राइट टॅकल टेरेन्स स्टीलचा गुडघा गेला आणि बरा होऊन आलेला टायरन चक्क उजवीकडे खेळला, तेव्हाही संघात घबराट नव्हती. कॅन्सस_काठावर, तुमच्या दोन्ही उदाहरणांत आणलेल्या माणसालाच लगेच मुख्य जागा द्यावी लागली. गडबड तिथे झाली असे मला वाटते.

कॅन्सस_काठावर

वहिनी, हा भेद मला मान्य आहे. हम्फ्रीज राखीव म्हणून आलाच नव्हता. चीफ्सना त्याच्याकडून महिन्याभरात मुख्य लेफ्ट टॅकल हवा होता. मात्र रेमर्स राखीव म्हणूनच, वसंत ऋतूपासून संघात होता आणि उजवीकडे त्याने बरेच महिने निभावूनही नेले. तिथे चूक माणसाची नव्हती, बाजूची होती. यावरून मी माझे मत जरा नेमके करून मांडतो: अनुभवी राखीव घ्या, पण त्याला तुम्ही प्रत्यक्षात कोणत्या बाजूला उभे करणार आहात हे आधी ठरवा, आणि दोन्ही टॅकल एकदम गेले तर काय, या प्रश्नाला ‘तसे होणार नाही’ हे उत्तर देऊ नका. सिएटलमध्ये तर ते पहिल्याच रविवारी झाले.

सिएटलकर

पुढे काय झाले ते सांगणे माझ्याकडे लागते. पुढच्याच रविवारी सीहॉक्स डेट्रॉइटच्या बंदिस्त मैदानात गेले, जिथे गोंगाट छताला आदळून दुप्पट होतो. पीटर्स नुकताच आला होता. संघाने त्याला घाईने उतरवले नाही. डावीकडे स्टोन फोर्साइथ आणि उजवीकडे जेक करहान या आधीपासून संघात असलेल्या दोन राखीव खेळाडूंना उभे केले, आणि सामना जादा वेळेत ३७-३१ असा जिंकला. क्वार्टरबॅक जीनो स्मिथने ३२८ यार्डांचे पास फेकले. दोन राखीव टॅकल घेऊन परक्या मैदानावर मिळवलेला हा विजय मला त्या हंगामातला सर्वांत मोठा वाटतो.

म्हणजे माझ्या मूळ आक्षेपाला हिशेबनीसांनी निम्मे उत्तर दिले आणि उरलेले या सामन्याने. ऑगस्टमध्ये मागे कोणीच नव्हते असे नव्हते. फोर्साइथ आणि करहान दोघेही २०२१ पासून संघात होते, हाका त्यांना पाठ होत्या. पीटर्सला आणले ते या दोघांच्याही मागे, तिसरा म्हणून. क्रॉस काही आठवड्यांत परतला. लुकसचा गुडघा मात्र बराच काळ बरा झाला नाही, आणि हंगामाच्या मधल्या टप्प्यात उजव्या बाजूची पडझड वाढली तेव्हा पीटर्स तिथे खेळला. आयुष्य डावीकडे गेलेल्या माणसाला ४१ व्या वर्षी उजवीकडे उभे करणे हे ओहायोकरांच्या सिद्धान्ताच्या अगदी विरुद्ध होते, आणि ते दिसलेही. पाय पूर्वीसारखे राहिले नव्हते, पण हात टाकण्याची वेळ क्वचितच चुकत होती. संघ ९-८ वर थांबला, प्लेऑफ हुकले आणि पीट कॅरोल यांचे प्रशिक्षकपद गेले. त्याचा दोष या कराराच्या माथी कोणी मारू नये. त्या वर्षी आमचा बचावच गळका होता.

खेळवेडा

एक शेवटची शंका. प्रॅक्टिस स्क्वॉडवरचा खेळाडू दुसऱ्या संघाला पळवता येतो का? येत असेल, तर पीटर्सला तीन-चार आठवडे घासून-पुसून तयार करायचे आणि मग तो भलत्याच संघाने न्यायचा, असेही होऊ शकले असते.

हिशेबनीस

हो, येतो. दुसरा संघ त्याला थेट आपल्या ५३ जणांच्या पटावर घेणार असेल तर करार करू शकतो. स्वतःच्या प्रॅक्टिस स्क्वॉडसाठी मात्र नेता येत नाही. खेळाडूची संमतीही लागते, आणि मूळ संघ त्याला आपल्याकडेच मुख्य पटावर बढती देऊ करून थांबवू शकतो. एवढ्या उशिरा हाताशी आलेले जुने खेळाडू सहसा जागा हलवत नाहीत. बहुतेकदा ते ओळखीचे प्रशिक्षक पाहून संघ निवडतात. २०२१ मध्ये शिकागो बेअर्सचा नवा टॅकल टेव्हन जेंकिन्स पाठीच्या शस्त्रक्रियेला गेला आणि पीटर्स तिकडे गेला, तेव्हा तिथला लाइनचा प्रशिक्षक हुआन कास्तियो होता, जो ईगल्समध्ये त्याचा प्रशिक्षक राहिलेला. त्या वर्षी पीटर्सने लेफ्ट टॅकल म्हणून १५ सामने सुरू केले. सिएटलमध्ये तो इतका रमला, की २०२४ मध्ये निवृत्त झाल्यावर त्याच संघाच्या व्यवस्थापनात कामाला लागला.